बोटीवरचं दार

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा पुरातून प्रेत काढताना मीच वाहून जाता जाता वाचलो. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण ही एका दाराची केस, जिच्यात कोणी मेलं नाही की कोणी फरार झालं नाही, ती काही डोक्यातून जात नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाणं लहान. दारूच्या भट्ट्या, रेतीचे टिप्पर, बांधावरून भावाभावांची डोकेफोड, हा रोजचा रतीब. त्या वर्षी एका ठेकेदाराने जलाशयात दोन मजली बोट आणली. खाली काचेची एसी केबिन, वर उघडा डेक. बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘क्रूझ’ असं रंगवलेलं. गावातली माणसं तिला सरळ जहाज म्हणायची. सुट्टीच्या दिवशी नागपूरपासून लोक यायचे आणि ज्यांची घरं त्याच पाण्याखाली गेली ती माणसं घाटावर उभी राहून त्यांच्याकडे बघायची.

मार्चअखेरची दुपार होती. ग्रामीण रुग्णालयातून फोन आला, बोटीवरच्या दारात सापडून एका बाईची बोटं चिरडली आहेत. डायरीत नोंद घेता घेता ठाणे अंमलदार ‘बोटीत बोट’ असं काहीतरी बोलला आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. रुग्णालयात गेल्यावर ते हसू जिरलं.

बाई सानगडीची, तिशीच्या आतली. नवऱ्याचं कापडाचं छोटं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत ही मशीनवर ब्लाउज शिवायची. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून गेली होती, मधलं बोट मोडलं होतं. शिवणाऱ्या बाईची तर्जनी गेली म्हणजे काय गेलं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सासू कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, डोक्यावरून पदर, सुनेच्या चपला मांडीवर घेऊन. तिने एकदाही मान वर केली नाही.

नवरा संतापलेला होता. तो म्हणाला, “साहेब, मी वरती फोटो काढून राहिलो होतो. किंकाळी ऐकून खाली धावलो, तर हा खलाशी दार धरून उभा. त्यानंच लावलं दार. वरून ओरडला बी.”

केबिनमधल्या दोघा प्रवाशांनीही सांगितलं की खलाशी जोरात ओरडला आणि लगेच दार आपटलं. आमचे रायटर हवालदार हस्ताक्षराला आणि मराठीला फार जपणारे. समोरचा कसाही बोलो, कागदावर ते ‘सदर इसम’ आणि ‘समक्ष विचारले असता’ असंच उतरायचं. त्यांनी लिहिलं, ‘सदर खलाशाने दरवाजा ढकल असे मोठ्याने ओरडून, हयगयीने व अविचाराने दरवाजा बंद केला.’ मी वाचलं, सही केली. भारतीय दंड विधान कलम ३३८ खाली गुन्हा दाखल झाला. आता नवी संहिता आली, कलमाचा आकडा बदलला. हयगय मात्र तीच आहे.

खलाशाला ठाण्यात आणलं. चाळिशीचा माणूस, उन्हाने रापलेला. त्याचं गाव धरणात गेलेलं, बापजाद्यांपासून मासे धरणारं घर. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायचा. खुर्ची दिली तर बसेना, भिंतीला टेकून उकिडवा बसला.

“दार तू लावलंस?”

“नाही जी.”

“मग कोणी लावलं?”

तो फरशीवरची धूळ बोटाने सारखी करत राहिला.

मी कागद पुढे धरून विचारलं, “ढकल म्हणून तू ओरडलास की नाही?”

“म्हणलो असन जी.”

“असन काय? हो की नाही?”

“शब्द तर माहाच होता जी. माह्या शब्दानंच झालं.”

मला वाटलं, झालं, कबूल झाला. वीस-बावीस वर्षांची नोकरी झाली की माणसाला असा माज येतो. समोरच्याने अर्धं वाक्य बोलावं आणि आपण पुरं करावं. जामीनपात्र गुन्हा, त्याच संध्याकाळी जामिनावर सोडलं. ठेकेदाराने तोवर त्याला कामावरून काढून टाकलं होतं आणि आपल्या माणसांकरवी सांगून ठेवलं होतं, की खटल्यातून सुटेपर्यंत याला पाण्यावर उभं करायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या बोटीवरही त्याला आता कोणी घेणार नव्हतं. जमीन नव्हती, दुसरं काम येत नव्हतं. एक शिक्का लागला असता आणि त्याची रोजी कायमची गेली असती. हे मला त्या दिवशी दिसत होतं आणि तरी मी केस संपली असं समजून दुसऱ्या कामाला लागलो.

चार-पाच दिवसांनी बंदोबस्ताच्या कामाने घाटावर गेलो. तिथे एक बाई चहा-पोह्यांचं दुकान मांडायची. तिने चहा दिला आणि कप माझ्या हातात असतानाच म्हणाली, “साहेब, त्या गरिबाले काहून धरलं तुमी?”

“दार आपटलं ना त्याने.”

“तो कायले आपटन? तो तर त्या दाराले रोज दोरी बांधे. आपटू नये म्हणून. मालकानं कापाले लावली.”

“कधी?”

“त्याच्या दोन-चार दिवस अगुदर. चिंधी दिसते म्हणे फोटोत.”

चहा अर्धा ठेवून मी बोटीवर गेलो. खरं सांगायचं तर पहिला पंचनामा मी स्वतः केलाच नव्हता. हाताखालच्या माणसाने रक्ताचे डाग, दाराची लांबी-रुंदी, दिशा, सगळं लिहून आणलं होतं. दार मात्र कोणी स्वतः हलवून पाहिलं नव्हतं. मी हलवलं. लोखंडी चौकटीचं जाड काचेचं दार, आणि त्याला अशी कडक स्प्रिंग, की अर्ध्यावरून नुसतं बोट लावलं तरी पुढे ते स्वतःच धडकन बसत होतं. मागच्या भिंतीवर रंगाखाली दोन बुजवलेली भोकं बोटाला लागली. उघडं दार अडकवायचा आकडा तिथे होता, तो काढून वर पुट्टी भरली होती. बिजागरीच्या फटीत मी एक पेन्सिल धरून दार सोडलं. पेन्सिलचे दोन तुकडे झाले.

दोन पंच बोलावून नवा पंचनामा केला आणि ठेकेदाराला ठाण्यात बोलावलं. माणूस गोड बोलणारा, पांढरे बूट घालणारा. आकडा का काढला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “साहेब, लोक दार उघडं अटकवून ठेवतात, सारी थंडाई बाहेर जाते. एसीवाली केबिन म्हटल्यावर दार आपोआप लागलंच पाहिजे ना.”

“आणि कोणाचा हात असला तर?”

त्याने खिशातून तिकीट काढलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘कोणत्याही अपघातास प्रवासी स्वतः जबाबदार राहतील.’

मी म्हणालो, “हे कायद्याच्या कोणत्या पुस्तकातून छापलंत? उद्या मी ठाण्याच्या भिंतीवर लिहिलं की इथे येणारा स्वतः जबाबदार, तर मी सुटलो का?”

त्यावर तो हसला. दोरीची गोष्ट त्याने साफ नाकारली. तशी दोरी कधी नव्हतीच म्हणे. मग मी त्यालाच त्याच्या बोटीच्या जाहिरातीचे फोटो मोबाइलवर दाखवायला सांगितले. मोठ्या अभिमानाने दाखवू लागला. चौथ्या की पाचव्या फोटोत एक नवरा-बायको केबिनच्या दारात उभे होते आणि त्यांच्यामागे, दाराच्या कडीपासून कठड्यापर्यंत, लाल नायलॉनची दोरी चांगली दोन वेढे मारून बांधलेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानंतर तो हसला नाही.

तरी दार लावलं कोणी, हा प्रश्न उरलाच. कागदावर अजून खलाशीच होता. जखमी बाईचा पहिला जबाब दवाखान्यात घाईत घेतलेला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर. म्हणून पुरवणी जबाबासाठी मी स्वतः सानगडीला गेलो. त्या दिवशी तिथला बाजार होता. दुकानात गिऱ्हाईक होतं, नवरा तिकडे गुंतलेला. सासूने मला मागच्या खोलीत बसवलं. सून आत स्वयंपाकघरात होती, डाव्या हाताने काहीतरी उरकत. मशीनवर चादर टाकलेली होती.

रस्त्यावर भाजीवाल्यांचा ओरडा चालू, त्यात लाउडस्पीकर. मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मी याच जिल्ह्यातला. घरी मले-तुले बोलणारा, वर्दी चढवली की ‘सदर इसम’ होणारा. त्या गोंगाटात कंटाळून माझ्या तोंडून सहज घरचं बोलणं निघालं.

“मावशी, दार लोटा ना जरा.”

म्हातारी उठली. दाराशी गेली. दाराला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, दार अडलं असेल. मग तिने हात दारावरून काढून पदरात गुंडाळला आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

“मीच लोटलं जी,” ती म्हणाली. “माह्याच हातानं झालं.”

मी जागेवरून हललो नाही. आयुष्यात इतके जबाब घेतले, पण तेव्हा पेन उघडायचं सुचलं नाही.

“काय झालं ते सांगा मावशी. सावकाश सांगा.”

“मी दाराजवळ उभी होती. जहाजात कधी बसली नाही, पाय कापून राहिले होते. तो मानूस बाहेरून ओरडला, लोट, लोट. मले वाटलं मलेच म्हणून राहिला. थंडी हवा चालली बाहेर, म्हणून लोट म्हणते. घरी पोरगा रोजच म्हणते न, माय, दार लोट. तर मी लोटलं. सुनेचा हात तिकडून फटीत होता, मले दिसलाच नाही.”

मला सगळं एकदम कळलं. दार लोटणं आणि नाव लोटणं. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द. काठावर लांब बांबू घेऊन एक गडी उभा असतो, त्याला खलाशी म्हणतो लोट, म्हणजे बोट काठापासून दूर सार. त्याच शब्दावर घरात दार लावतात. त्या दोन्ही प्रवाशांनी ‘लोट’ असंच सांगितलं असणार. आमच्या रायटरने त्याचा ‘ढकल’ केला, वर शोभेसाठी पुढे ‘दरवाजा’ जोडला, आणि मी सही ठोकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी शुद्ध मराठीत देता येते.

म्हातारीने हात जोडले. “साहेब, सुनेले नका सांगू. पोरगा बोलन मले, त्याचं काही नाही. पन ती रोज समोर बसते. हात पाहू देत नाही मले, लपवते. तिले कळलं तर मी कुठी जाऊ?”

खरोखर सांगतो, क्षणभर वाटलं, न लिहिता उठावं. ठेकेदाराविरुद्ध पुरावा होताच. पण दार कोणी लावलं ते कोरं ठेवलं असतं, तर ठेकेदाराच्या वकिलाने ते खलाशाच्याच गळ्यात घातलं असतं. मी तिला तसंच सांगितलं. म्हटलं, “मावशी, तुमच्यावर गुन्हा होणार नाही, हे माझ्यावर सोडा. पण तुम्ही बोलला नाहीत, तर तो माणूस जन्मभर बोटीवर चढणार नाही.”

माझ्याकडे न बघता तिने आत हाक मारली, “बाई, इकडं ये.”

सून आली. म्हातारीने तिला मला सांगितलं तसंच, त्याच शब्दांत सांगितलं. स्वतःची बाजू मांडली नाही. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पट्टी बांधलेला हात पदराखाली होता. सगळं झाल्यावर तिने मला विचारलं, “साहेब, मंग तो खलाशी दार धरून काहून उभा होता?”

“तुमचा हात सोडवायला. त्याने दार ओढलं नसतं तर दुसरं बोटही गेलं असतं. डॉक्टर तसं म्हणाले.”

“आन् मी त्याच्यावर अंगठा दिला,” ती म्हणाली.

मग ती सासूकडे वळली. “उठा आता. साहेबाले चहा मांडा, मले एका हातानं चुलीवरून दुधाचा गंज उतरत नाही.”

म्हातारी उठली. डोळे पुसत आत गेली. मी दोघींचे जबाब लिहून घेतले. रायटरला सोबत नेलं नव्हतं, माझ्याच वाकड्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत. ‘लोट’ला ‘लोट’च लिहिलं. त्या घरात लगेच सगळं गोड झालं असं नाही. मुलगा आईशी कित्येक दिवस बोलला नाही, असं मागाहून कानावर आलं. पण सुनेने तिला दूर केलं नाही.

परत येऊन मी खलाशाला बोलावलं. या वेळी मीच त्याच्यासमोर पायरीवर बसलो.

“लोट कोणाला म्हणालास?”

“काठावरच्या गड्याले जी. नाव लोटाले.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं कुठी? तुमी ढकल म्हणलं. म्या म्हटलं, साहेबाच्या मराठीत तसंच म्हणत असन.”

“आणि म्हातारीने दार लावलं, ते पाहिलं होतंस?”

तो हळू म्हणाला, “पाहिलं जी. पन तिचं नाव कसं घेऊ? एका घरात राहाचं हाये त्याइले. अन् माहा शब्द नसता, तर बुढीनं हात तरी लावला असता का?”

“आकडा काढला तेव्हा मालकाला बोलला होतास?”

“तीनदा म्हणलो. दोरी बांधली. कापली. मंग काय करू? ज्याचं जहाज त्याचं दार.”

माझ्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, दार म्हातारीने लावलं ना, मग आरोपी तीच, सोपी गोष्ट आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी वरिष्ठांकडे फाइल घेऊन गेलो आणि तासभर मांडलं, की दार लाव म्हटल्यावर कोणीही हेच केलं असतं. हयगय ही दार लावणाऱ्याची नाही, बोलणाऱ्याचीही नाही. ज्याने आकडा काढला, कडक स्प्रिंग बसवली आणि दार धोक्याचं आहे हे तीनदा सांगूनही दोरी कापायला लावली, त्याची आहे. वरिष्ठ समजूतदार निघाले. खलाशाचं नाव आरोपीतून कमी करण्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि दोषारोपपत्र ठेकेदारावर दाखल झालं. निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. ठेकेदार दोषी ठरला, एवढं कळलं.

या केसने मला काय शिकवलं, असं विचाराल तर दोन गोष्टी सांगतो. एक, माणूस जे बोलतो तेच लिहा. आपल्या भाषेचा इस्त्रीचा कडकपणा त्याच्यावर चढवू नका. दुसरी मला अजून टोचते. त्या केसमध्ये ज्यांचा काही दोष नव्हता ते सगळे म्हणत होते, माझ्यामुळे झालं. म्हातारी म्हणाली, खलाशी म्हणाला, पुढे मुलगाही म्हणाला, मीच मायला दाराजवळ उभं केलं. फक्त दोघांनी तसं म्हटलं नाही. एक ठेकेदार. दुसरा मी.

दोषारोपपत्र गेल्यावर खलाशी ठाण्यात आला होता. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, “साहेब, माहं नाव कुठी हाये ते वाचून दाखवा.”

मी साक्षीदारांची यादी काढून त्याच्या नावाची ओळ वाचली.

“आरोपीत नाही ना जी?”

“नाही. साक्षीदार आहेस.”

“पुन्हा एकदा वाचा,” तो म्हणाला. मी वाचली. त्याने मान हलवली, नमस्कार केला आणि निघून गेला. मी त्याची माफी मागायला हवी होती. खुर्चीत बसून राहिलो. पोलीस माफी मागत नाहीत, असं आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं, तरी आम्ही ते शिकतो. आता मी खुर्चीत नाही, म्हणून इथे मागतो. बाबा रे, चूक माझी होती, मला माफ कर. त्याच्या वसाहतीतल्या कोणाच्या हाती हे पडलं, तर त्याला वाचून दाखवा. आणि तो म्हणाला, तर पुन्हा एकदा वाचा.